भिन्न कार्यप्रणालींच्या संगणकांचे गृहजाल

एकाच घरात दोन-तीन संगणक असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. विशेषतः अध्यापक व संशोधक यांच्या घरी असे आढळून येते की, लेखन व कचेरीचा पत्रव्यवहार यांसाठी विंडोज कार्यप्रणालीचा एक संगणक असतो, ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांचे संपादन करण्यासाठी मॅकओएसचा दुसरा असतो, आणि जुना झाल्यामुळे बाजूस पडलेल्या एखाद्या यंत्रावर लिनक्स बसवून ते संग्रहासाठी राखलेले असते. तिन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली असतात. तिन्हींवरून इंटरनेट सुरळीत चालते. परंतु एका यंत्रावरील फाइल दुसऱ्यावर न्यावयाची म्हटली की, पेनड्राइव्ह शोधावा लागतो किंवा स्वतःच स्वतःला पत्र पाठवावे लागते.

या रीतीचा परिणाम केवळ गैरसोयीचा नसतो. प्रबंधाच्या एकाच प्रकरणाच्या चार प्रती चार ठिकाणी राहतात. प्रत्येकीत थोडथोड्या दुरुस्त्या होतात. आणि अखेरची प्रत कोणती, हे काही महिन्यांनी खुद्द लेखकासही सांगता येत नाही. क्षेत्रीय अभ्यासात गोळा केलेली ध्वनिमुद्रणे तर पुन्हा मिळण्याजोगी नसतात. ज्या वृद्ध निवेदकाने ती सांगितली तो हयात असेलच असे नाही. म्हणून घरातील संगणकांत सुव्यवस्थित जाल उभारणे हा संशोधनसामग्रीच्या रक्षणाचा विषय आहे.

‘वेगवेगळ्या कार्यप्रणालींचे संगणक एकमेकांशी बोलत नाहीत’ असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. ती यंत्रे परस्परांपर्यंत पोचतात, आणि तेही निर्वेधपणे. त्यांच्यात मतभेद होतो तो पुढे: यंत्राला कोणत्या नावाने हाक मारावी, समोर आलेला माणूस कोण समजावा, आणि फाइलीचे नाव कसे लिहावे, या प्रश्नांवर. या तीन प्रश्नांबाबत घरापुरता करार करून ठेवणे हेच गृहजालाच्या उभारणीतील खरे काम आहे. त्याचे स्वरूप क्रमाने पाहू.

१. तार आणि पत्ता

संगणकांमधील संभाषणाचा विचार थरांनी करावा लागतो. सर्वांत खाली विद्युत्-स्पंद वा रेडिओलहरी यांचे वहन. त्यावर पत्ता व मार्ग. त्याहून वर माहितीचे तुकडे क्रमाने व पूर्ण पोचले याची खातरजमा. आणि सर्वांत वर फाइल, छपाई, पत्र अशा प्रत्यक्ष कामाची भाषा. प्रत्येक थरातील वागणुकीचे जे ठरलेले नियम, त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘व्यवहारसंकेत’ हा शब्द योजिला आहे.

खालच्या थरांबाबत जगाचे एकमत फार पूर्वीच झाले आहे. ईथरनेटची कल्पना १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी साकार केली. १९८३ मध्ये विद्युत् व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या संस्थेने तिला ८०२.३ या क्रमांकाच्या मानकाचे रूप दिले. बिनतारी जालाचे, म्हणजे आज ज्याला वायफाय म्हणतात त्याचे, ८०२.११ हे मानक त्याच संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. पत्ता व खातरजमा यांचे टीसीपी/आयपी हे व्यवहारसंकेत १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेच्या आर्पानेट या जालात सर्वत्र लागू झाले आणि पुढे तेच इंटरनेटचा पाया ठरले. हे सर्व नियम जाहीर आहेत. ते कोणालाही वाचता येतात व पाळता येतात. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स तिन्ही ते पाळतात, म्हणूनच तिन्ही यंत्रांवर इंटरनेट चालते. कार्यप्रणालींचा भेद या थरांपर्यंत पोचतच नाही.

घरातील यंत्रांना पत्ते देण्याची सोयही अशीच सार्वत्रिक आहे. १९९६ मध्ये इंटरनेटच्या मानकांत काही पत्ते खासगी जालांसाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे ६५,५३६ पत्ते हा त्यांपैकी एक गट असून, बहुतेक घरगुती राउटर याच गटातील पत्ते वाटतात. पत्तावाटपाच्या या व्यवहारसंकेताला डीएचसीपी असे नाव आहे. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, दिलेला पत्ता मुदतीचा असतो. आज लिनक्सच्या यंत्राला मिळालेला पत्ता महिन्याने दुसऱ्याच यंत्राकडे गेलेला असू शकतो. ज्या यंत्रावर संग्रह ठेवावयाचा आहे, त्याचा पत्ता राउटरमध्येच त्याच्या नावे कायमचा राखून ठेवावा. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि पुढील कित्येक तक्रारी त्याने टळतात.

संग्रहाचे यंत्र शक्यतो केबलने जोडावे. सेकंदाला एक गिगाबिट वाहणाऱ्या ईथरनेटवर दहा गिगाबाइटची ध्वनिमुद्रणे नेण्यास, हिशेबाने, सुमारे ८० सेकंद लागतात. प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ जातो. वायफायचा वेग भिंती, अंतर व शेजाऱ्यांची जाले यांवर अवलंबून राहतो. शिवाय अनेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते. त्यातील यंत्रांना इंटरनेट मिळते, पण घरातील इतर यंत्रे दिसू नयेत अशी तजवीज केलेली असते. एक संगणक मुख्य जालात व दुसरा पाहुण्यांच्या जालात राहिला, तर त्यांची गाठ पडत नाही आणि दोष मात्र कार्यप्रणालीच्या माथी मारला जातो.

२. यंत्राला हाक कशी मारावी

पत्ता आकड्यांचा असतो, माणसाला मात्र नाव हवे असते. इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा आहे; घरातील यंत्रांची नावे तिला ठाऊक नसतात. येथूनच परंपरांचा भेद सुरू होतो.

विंडोजच्या जुन्या परंपरेत नेटबायॉस नावाची पद्धत होती. तीत यंत्राचे नाव १५ अक्षरांहून मोठे चालत नसे आणि प्रत्येक यंत्र आपले नाव साऱ्या जालात मोठ्याने घोषित करी. ॲपलने २००२ मध्ये निराळी पद्धत आणली. तीच पुढे बॉन्जूर या नावाने प्रसिद्ध झाली. एखाद्या यंत्राने ‘संग्रह डॉट लोकल हे नाव कोणाचे?’ असा प्रश्न साऱ्या जालाला विचारावयाचा आणि ज्याचे ते नाव असेल त्याने उत्तर द्यावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. गावच्या चावडीवर नाव पुकारावे आणि त्या माणसाने ‘ओ’ द्यावी, तसाच हा प्रकार. २०१३ मध्ये ही पद्धत एमडीएनएस या नावाने इंटरनेटच्या मानकांत समाविष्ट झाली. लिनक्सवर तिची अंमलबजावणी आवाही हा कार्यक्रम करतो आणि विंडोज १० पासून विंडोजलाही ती समजते. तात्पर्य, आज तिन्ही यंत्रांना समजणारे नाव हवे असल्यास ते ‘डॉट लोकल’ या शेपटीचे असावे, रोमन लिपीतील लहान अक्षरांचे असावे, आणि जुन्या पद्धतीलाही चालावे म्हणून १५ अक्षरांच्या आत असावे.

नाव समजले म्हणजे यंत्र आपोआप ‘दिसेल’ असे नव्हे. विंडोजच्या ‘नेटवर्क’ या खिडकीत इतर यंत्रांची जी यादी दिसते, ती भरण्यासाठी विंडोज आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी हा आणखी निराळा व्यवहारसंकेत वापरते. लिनक्सच्या यंत्रावर त्याला उत्तर देणारा कार्यक्रम वेगळा बसवावा लागतो. तो नसेल तर यादी रिकामी दिसते. परंतु पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे यंत्राचे नाव लिहिले, तर तोच संग्रह तत्काळ उघडतो. यादीत नसणे आणि जालात नसणे या भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक ठेवला तर पुष्कळ श्रम वाचतात.

विंडोजच्या फायरवॉलचाही येथे विचार केला पाहिजे. नव्या जालाशी जोडले जाताना विंडोज ते जाल सार्वजनिक आहे की खासगी, याची नोंद करते. सार्वजनिक म्हणून नोंद झालेल्या जालात ते इतरांच्या हाकेला ओ देत नाही. रेल्वेस्थानकावर वा उपाहारगृहात ही सावधगिरी योग्यच आहे. घरात मात्र त्या जालाची नोंद खासगी अशी करून द्यावी लागते. यंत्र पोचण्याजोगे आहे की नाही हे तपासण्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा वापरतात; परंतु फायरवॉल तिलाही अडवू शकतो. म्हणून पिंगला उत्तर न येणे हा जोडणी तुटल्याचा निर्णायक पुरावा मानू नये.

३. फाइलींच्या व्यवहाराची भाषा

दुसऱ्या यंत्रावरील फाइल जणू आपल्याच यंत्रावर आहे अशा रीतीने उघडावयाची, तर वरच्या थरातील एक भाषा दोघांनाही येत असली पाहिजे. अशा तीन भाषा १९८० नंतरच्या दशकात तीन घराण्यांत जन्मल्या. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास एसएमबीचा आरंभ केला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी करून वाढविली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये युनिक्स यंत्रांसाठी एनएफएस काढली. ॲपलची एएफपी ही मॅकिन्टॉश यंत्रांसाठी होती. ज्या यंत्राचे जे घराणे त्याची ती भाषा, अशी दीर्घकाळ स्थिती होती.

या तिढ्यातून वाट निघाली ती ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधक विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांना १९९१ च्या अखेरीस युनिक्स यंत्रावरील डिस्क आपल्या डॉसच्या संगणकावरून वापरावयाची होती. त्यासाठी लागणाऱ्या व्यवहारसंकेताचे वर्णन हाती नसल्यामुळे त्यांनी तारेवरून जाणाऱ्या संदेशांचेच निरीक्षण केले. अमुक विचारले असता तमुक उत्तर येते, हे टिपीत टिपीत त्यांनी ती भाषा आत्मसात केली आणि ती बोलणारा कार्यक्रम लिहिला. व्याकरणाचे पुस्तक न उघडता परक्या मुलखातील खाणावळीत बसून, लोक काय मागतात आणि त्यांना काय मिळते हे ऐकत भाषा शिकावी, असाच हा मार्ग होता. सुमारे दोन वर्षांनी घरी आपल्या लिनक्स यंत्राला पत्नीचा विंडोज संगणक जोडताना हाच जुना कार्यक्रम त्यांच्या उपयोगी पडला, आणि तेथून त्याच्या विकासाने वेग घेतला. एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द कोशात शोधता ‘सांबा’ हा शब्द मिळाला आणि १९९४ पासून तेच त्या कार्यक्रमाचे नाव झाले. प्रस्तुत लेखाचा जो विषय, त्याच गरजेपोटी या महत्त्वाच्या कार्यक्रमाला गती मिळाली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ऐकून शिकलेली भाषा पुढे अधिकृत कागदोपत्रीही उपलब्ध झाली. यंत्रांच्या परस्परव्यवहाराला लागणारी माहिती मायक्रोसॉफ्टने प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असा निर्णय युरोपीय आयोगाने २००४ मध्ये दिला आणि सप्टेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो उचलून धरला. त्या वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या करारानुसार, दहा हजार युरो एकरकमी भरून सांबाच्या कार्यकर्त्यांना ते दस्तऐवज मिळाले. खालच्या थरांचे नियम आरंभापासून जाहीर होते. वरच्या थराचे नियम जाहीर होण्यास न्यायालयाचा निर्णय लागला. भिन्न कार्यप्रणालींच्या जालातील अडचणी वरच्या थरातच का साचल्या, याचे एक ऐतिहासिक कारण येथे सापडते.

यानंतर ॲपलनेही आपली वाट बदलली. २०१३ मधील मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून मॅक यंत्रे आपापसांतही एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीला प्राधान्य देऊ लागली आणि २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून एएफपीने संग्रह पुरविण्याची सोय काढून टाकण्यात आली. आज तिन्ही कार्यप्रणालींना समजणारी भाषा म्हणून एसएमबीचीच निवड करावी. लिनक्सवर ती सांबाच्या द्वारा येते. घरात केवळ लिनक्सची यंत्रे असतील तर एनएफएस सोपी पडते, परंतु मिश्र घरात तिचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

मात्र एसएमबीची पहिली आवृत्ती चालू ठेवू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर कार्यक्रमाने विंडोजमधील याच आवृत्तीच्या अंमलबजावणीतील दोषाचा फायदा घेतला होता. दोष दुरुस्त करणारी सुधारणा मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ती न बसविलेली यंत्रे बळी पडली. त्या वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोजच्या नव्या स्थापनेत पहिली आवृत्ती मुळातूनच दिली जात नाही. एखादे जुने संग्रहयंत्र तीच मागत असेल, तर ते यंत्र बदलणे हा योग्य उपाय होय. त्याचप्रमाणे एसएमबीसाठी नेमलेले ४४५ क्रमांकाचे द्वार राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटकडे कधीही उघडू नये.

४. माणसाची ओळख

भाषा जुळली तरी यंत्र विचारते, ‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराण्यात निराळ्या चलनात दिले जाते. लिनक्सवर प्रत्येक माणसाची ओळख एका क्रमांकाने ठेवलेली असते आणि फाइल वाचणे, लिहिणे व चालविणे हे तीन अधिकार धनी, गट व इतर अशा तीन वर्गांना वाटलेले असतात. विंडोजमध्ये प्रत्येक खात्याला एक लांबलचक सुरक्षा-ओळखांक असतो आणि प्रत्येक फाइलीशी, कोणाला काय करता येईल, याची सविस्तर यादी जोडलेली असते.

एनएफएसच्या जुन्या, साध्या मांडणीत समोरचे यंत्र जो क्रमांक सांगेल त्यावरच विश्वास ठेवला जातो. पुष्कळ लिनक्स प्रकारांत पहिल्या माणसाला १००० हा क्रमांक मिळतो. परिणामी एका यंत्रावरील वडील आणि दुसऱ्या यंत्रावरील मुलगी या दोघांचाही क्रमांक १००० असेल, तर संग्रहयंत्राच्या दृष्टीने ती एकच व्यक्ती ठरते. एसएमबीमध्ये नाव व पासवर्ड यांनी ओळख पटविली जाते, म्हणून मिश्र घरात तीच अधिक सोयीची.

येथे एक ठेच बहुतेकांना लागते. सांबा आपली पासवर्डांची वही लिनक्सच्या वहीहून वेगळी ठेवते. लिनक्सवर खाते उघडले म्हणजे सांबातही ते आले, असे होत नाही. सांबाच्या आज्ञेने तेथे पासवर्ड स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. त्याचप्रमाणे विंडोजमध्ये चार आकड्यांच्या पिनने प्रवेश करण्याची सवय असते, परंतु जालावर तो पिन चालत नाही. संग्रहयंत्रावर नोंदलेले नाव व पासवर्डच द्यावे लागतात.

या खटाटोपाला कंटाळून पुष्कळजण सर्वांना मोकळा, बिननावाचा ‘अतिथी’ प्रवेश ठेवतात. हा मार्ग आता बंद होत चालला आहे, आणि ते इष्टच आहे. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, विशेषतः तिच्या प्रो प्रकारात, अतिथी म्हणून जोडले जाण्यास मुळातच मज्जाव असून प्रत्येक संदेशावर स्वाक्षरीसारखी खूण अपेक्षित असते. अतिथीला ओळख नसल्याने अशी खूण देता येत नाही. काल चालणारा संग्रह नव्या आवृत्तीनंतर आज उघडत नाही, या तक्रारीचे मूळ बरेचदा हेच असते. घरातील प्रत्येक माणसाचे एक खाते, आणि त्याचे नाव सर्व यंत्रांवर एकच, हा नियम आरंभीच पाळला तर पुढे अडचण येत नाही.

५. फाइलीचे नाव: देवनागरीचा विशेष प्रश्न

येथवरचे प्रश्न जगातील कोणत्याही घरात उद्भवतात. पुढील प्रश्न मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला विशेषत्वाने येतो.

नावाच्या मर्यादा प्रत्येक कार्यप्रणालीत भिन्न आहेत. विंडोज फाइलीच्या नावात विसर्गासारखे दिसणारे कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ, कोनी कंस आणि दोन्ही तिरक्या रेघा घेत नाही. लिनक्स यांपैकी केवळ पुढे झुकलेली तिरकी रेघ नाकारते. त्यामुळे लिनक्सवर प्रश्नचिन्हासह ठेवलेले नाव विंडोजला सांबामार्फत पाहताना विचित्र, तोडलेल्या रूपात दिसते. रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे विंडोज एकच मानते, लिनक्स वेगळी मानते. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे मराठी नावे या एका संकटातून सुटतात.

दुसऱ्या दोन संकटांतून मात्र ती सुटत नाहीत. पहिले लांबीचे. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे. लिनक्सच्या एक्स्ट४ मांडणीत ती २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून मराठी नाव तेथे ८५ चिन्हांतच संपते. यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘विद्यार्थ्यांच्या’ या एका शब्दात १७ चिन्हे, म्हणजे ५१ बाइट होतात. अशा पाच शब्दांनी, मध्ये मोकळी जागा न सोडताही, २५५ बाइट भरून जातात. लेखाचे संपूर्ण शीर्षक फाइलीला देण्याची अभ्यासकांची सवय विंडोजवर खपून जाते; तीच फाइल लिनक्सच्या संग्रहात नेताना नाकारली जाते.

दुसरे संकट अधिक सूक्ष्म व म्हणून अधिक घातक आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्यावा. त्यातील ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ हे एकच चिन्ह घेऊन पुढे हलन्त व ‘ह’. किंवा साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त व ‘ह’. किंवा साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य सांधणारे चिन्ह आणि ‘ह’. पहिल्या प्रकाराने ‘वऱ्हाड’ या शब्दाची सहा चिन्हे होतात, दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराने सात. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच उमटतात. वाचणाऱ्या डोळ्याला भेद कळत नाही, परंतु बाइट पाहणाऱ्या यंत्राला ती तीन भिन्न नावे आहेत.

पहिली दोन रूपे समान मानावीत असा युनिकोडचा नियम आहे आणि एकातून दुसऱ्यात नेण्याच्या कृतीला प्रमाणीकरण म्हणतात. तथापि कार्यप्रणालींचे वर्तन एकसारखे नाही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस मांडणीत जोडचिन्ह फोडून, म्हणजे दुसऱ्या रूपात, साठविले जाई. २०१७ पासून आलेली एपीएफएस मांडणी नाव दिले तसेच ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपे एक मानते. लिनक्स व विंडोज कोणतेही प्रमाणीकरण करीत नाहीत. जे बाइट वा संकेतांक आले ते नाव. आणि तिसऱ्या रूपाला तर प्रमाणीकरणही पहिल्या दोहोंशी एक करीत नाही.

परिणाम काय होतो ते पाहावे. जुन्या मॅक डिस्कवरील ‘वऱ्हाडी गीते’ हा फोल्डर बाइट जसेच्या तसे नेणाऱ्या साधनाने लिनक्सच्या संग्रहात उतरविला. त्याच नावाचा फोल्डर विंडोजवरून तेथे आधीच ठेवलेला होता. आता संग्रहात एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात. अभ्यासक एकात नवी मुद्रणे भरतो, काही दिवसांनी ‘दुबार प्रत’ समजून दुसरा पुसतो. आणि पुसला तो नेमका भरलेला निघतो. दोन संग्रह परस्परांशी ताडून, न जुळणारी फाइल काढून टाकणारा कार्यक्रम चालविला असेल, तर हीच चूक माणसाच्या हाताविना घडते.

उपाय साधा आहे, पण तो आधी ठरवावा लागतो. घरातील सर्व यंत्रांवर मराठीसाठी एकच कळमांडणी वापरावी. मॅककडून फाइली नेताना नावांचे प्रमाणीकरण करणारे साधन निवडावे. आणि मोठ्या संग्रहात फाइलीला रोमन अक्षरे व अंक यांचा छोटा अनुक्रमांक देऊन, मराठी शीर्षक, निवेदक, स्थळ व दिनांक ही माहिती सूचीच्या फाइलीत लिहावी. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर दाखलांक आणि तालिकापत्रावर पूर्ण नाव, ही जी रीत आहे, तीच येथे उपयोगी पडते.

६. उभारणीचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम सर्व यंत्रे एकाच जालात आहेत याची खात्री करावी आणि संग्रहयंत्राचा पत्ता राखून ठेवावा. मग त्याला लहानसे नाव द्यावे. त्यानंतर सांबा बसवून प्रत्येकाचे खाते व पासवर्ड नोंदवावा, आणि एकच फोल्डर खुला करावा. तो आधी आकड्यांच्या पत्त्याने उघडून पाहावा, मग नावाने, आणि शेवटी यादीत दिसतो का ते पाहावे. जेथे पहिली अडचण येईल तोच थर दोषी. पत्त्याने उघडतो पण नावाने नाही, तर दोष नामव्यवस्थेत. दोन्हींनी दारापर्यंत पोचतो पण आत घेत नाही, तर दोष ओळखीत. आत जाता येते पण लिहिता येत नाही, तर दोष लिनक्सवरील फोल्डरच्या अधिकारांत. या क्रमाने गेल्यास अंदाजाने दहा ठिकाणी हात घालण्याचे कारण उरत नाही.

मॅकवरून संग्रह वापरल्यावर तेथे टिंब व अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या लहान लहान फाइली दिसू लागतात. मॅक आपल्या फाइलींची जादा माहिती त्यांत ठेवते. तिच्यासाठी सांबामध्ये ‘फ्रूट’ नावाचा जोडभाग आहे. तो वापरल्यास हा पसारा पुष्कळसा आवरता येतो. साध्या मजकुराच्या फाइलींत ओळ संपविण्याची खूण विंडोजवर दोन चिन्हांची, तर लिनक्स व मॅकओएसवर एका चिन्हाची असते. विंडोजच्या नोटपॅडला २०१८ पासून ही एकेरी खूण समजते, त्यामुळे सारा मजकूर एकाच ओळीत दिसण्याचा जुना त्रास आता राहिलेला नाही.

अखेरीस एका भ्रमाचे निराकरण केले पाहिजे. सर्व यंत्रांतून पोचता येणारा संग्रह झाला म्हणजे सामग्री सुरक्षित झाली, असे नव्हे. ती एकत्र आली एवढेच. एका यंत्रावरून चुकून पुसलेली फाइल आता साऱ्याच यंत्रांवरून नाहीशी होते, आणि एका यंत्रात शिरलेला खंडणीखोर कार्यक्रम साऱ्या संग्रहाला कुलूप लावू शकतो. म्हणून संग्रहाची एक प्रत जालापासून अलग, शक्यतो दुसऱ्या वास्तूत, ठरावीक काळाने घेत राहावी आणि ती खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

भिन्न कार्यप्रणालींचे संगणक जोडणे हे, सारांश, तारेचे काम थोडे व कराराचे काम अधिक आहे. तारेचा व पत्त्याचा करार जगाने करून ठेवला आहे. यंत्राचे नाव, माणसाची ओळख आणि फाइलीचे लेखन यांविषयीचा करार घरातील माणसांनी करावयाचा आहे. तो एका कागदावर मावतो. तो कागद लिहून संग्रहाच्या पहिल्याच फोल्डरमध्ये, आणि छापून राउटरशेजारी ठेवावा. कारण यंत्र बदलते, कार्यप्रणालीची आवृत्ती बदलते, आणि काही वर्षांनी ती सामग्री उघडणारा माणूसही दुसराच असतो.